आमेननंतरची ओळ

शेजारच्या रोझीकाकू वसईच्या कॅथलिक, शांतवनकाका नगरकडचे प्रोटेस्टंट. रोज संध्याकाळी दोघं मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचे. भिंत पातळ, मला सगळं ऐकू यायचं. काकू 'आमेन' म्हणून थांबायच्या. काकांची मात्र देवाच्या राज्याची आणि गौरवाची एक ओळ उरलेली असायची. ती ते एकटेच म्हणायचे, काकू तोवर थांबायच्या आणि मग दोन्ही खुर्च्या सरकायच्या.

काका गेल्याला आज नऊ दिवस झाले. सकाळी काकूंनी मला विचारलं, "तुम्ही कॉलेजात जुना इतिहास शिकवता ना? मग सांगा, खरी प्रार्थना कुठली? आमची की त्यांची?"

काय सांगणार? म्हटलं, "काकू, बायबलच्या जुन्या हस्तलिखितांपैकी काहींत ती ओळ आहे, काहींत नाही. सुरुवातीपासून गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्या आपापल्या परीनं प्रार्थना करायच्या. एकच एक असं कधी नव्हतंच."

"म्हणजे तेव्हाही कुणीतरी आधी थांबायचं," काकू म्हणाल्या, "आणि कुणीतरी पुढे म्हणत राहायचं."



संध्याकाळी भिंतीपलीकडून काकूंचा एकटीचा आवाज आला. 'आमेन' झालं. खुर्ची सरकली नाही. त्या सवयीनं थांबल्या होत्या.

इतक्या वर्षांत ती ओळ ऐकून ऐकून मलाही पाठ झाली आहे. ओठांपर्यंत आली, तशीच गिळली.

खुर्ची अजून सरकलेली नाही.