तेवीस रकान्यांची खिडकी

पाणीपुरवठा कार्यालयात त्यांना रिजेक्टराव म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत आहे. एकोणतीस वर्षं ते तक्रारीच्या खिडकीवर बसले आणि अपूर्ण अर्ज त्यांनी कधी आत घेतला नाही. एकदा सख्ख्या मेहुण्याचा अर्ज सहीखाली तारीख नाही म्हणून परत केला होता. मेहुणा पुढची दोन वर्षं घरी आला नाही. बायकोच्या मते ते त्या अर्जाचं एकमेव चांगलं फळ.

चोपन्नाव्या वर्षी कार्यालयाने त्यांना पायथन या संगणकभाषेच्या तीन महिन्यांच्या वर्गाला धाडलं. बाकीचे सहा जण हजेरी लावून आले; हे शिकून आले. तक्रारी आता लोकांच्या फोनमधून यायच्या होत्या, आणि त्या स्वीकारणारा एपीआय त्यांनी बांधायचा होता. एपीआय म्हणजे काय, हे ते एका वाक्यात सांगतात: "खिडकीच आहे, फक्त आत माणूस नाही."

वर्गात शिकवलेल्या फ्रेमवर्कच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या तयार सांगाड्याच्या, ते प्रेमातच पडले. कोणता रकाना हवा आणि त्यात आकडे हवेत की अक्षरं, हे एकदा लिहून ठेवलं की पुढचं काम ते स्वतः करतं. काही कमी असेल तर अर्ज ४२२ असा आकडा टाकून परत, वर काय चुकलं त्याची यादी. वाद नाही, आवाज चढवणं नाही. "असा सहकारी मला तीस वर्षांत मिळाला नाही," असं ते फोनवरच्या बाईंना म्हणाले. तक्रारींचे फोन घेणाऱ्या या बाई बावीस वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतात.

त्यांनी तेवीस रकाने केले, सगळे सक्तीचे. बारा आकडी जोडणी क्रमांक, मीटर क्रमांक, मजला, नळाचा प्रकार, पाइपचा व्यास मिलिमीटरमध्ये. चाचणी म्हणून स्वतःच्या घराची तक्रार चाळीस वेळा पाठवली. चाळीसही वेळा ती स्वीकारली गेली, कारण स्वतःच्या पाइपचा व्यास त्यांना तोंडपाठ होता.

सोमवारी दहाला एपीआय सर्व्हरवर चढला. संध्याकाळपर्यंत तक्रारी शून्य. साहेबांनी वर कळवून टाकलं की शहरात पाण्याची तक्रारच उरली नाही.

मंगळवारी फोनवरच्या बाईंचा घसा बसला. "अहो, लोक मला शिव्या घालताहेत. फोनमधून तक्रार जातच नाही म्हणे."

रिजेक्टरावांनी सर्व्हरची नोंदवही उघडली. तीनशे बारा तक्रारी आल्या होत्या आणि तीनशे बारा परत गेल्या होत्या. "बघा," ते समाधानाने म्हणाले, "एकही अपुरा आत नाही."

साहेब मात्र तापले. "शुक्रवारी बारापर्यंत तक्रारी आत आल्या पाहिजेत. नाही तर हे काम बाहेरच्या कंपनीला, आणि तुम्ही मीटर-भांडारात."

मीटर-भांडारात बंद पडलेले मीटर असतात. तिथे कोणी अर्ज घेऊन येत नाही. रिजेक्टराव त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेले.

"कोणता रकाना काढू, सांग," त्यांनी बायकोला विचारलं.

बायकोने यादी वाचली. "पाइपचा व्यास? अहो, मला तुमच्या शर्टाचा नंबर ठाऊक नाही."

"एकोणचाळीस."

"नळ कोरडा पडलेल्या माणसाला दोनच गोष्टी माहीत असतात. पाणी नाही, आणि आपण कुठे राहतो. बाकीचं तुमच्या माणसाने येऊन बघावं. पाय आहेत ना त्याला?"

"अगं, पण मग तो अर्ज कसला?"

"भांडारात बसून विचार करा त्याच्यावर."

गुरुवारी त्यांनी एकवीस रकान्यांपुढे 'ऐच्छिक' असा अर्थ होणारा शब्द टाकला. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून. शुक्रवारी सकाळी नवी फाइल सर्व्हरवर गेली, तरी अकरापर्यंत सगळं परतच. घरच्या लॅपटॉपवर बदल केला की तो आपोआप लागू व्हायचा. सर्व्हरवर मात्र जुनाच प्रोग्रॅम चालू होता आणि तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागणार होता. हे लक्षात यायला त्यांना अठ्ठावीस मिनिटं लागली. तोवर साहेब दोनदा दारात येऊन घड्याळ बघून गेले.

अकरा चौतीसला पहिली तक्रार आत आली. पत्ता: शाळेसमोरचं निळं फाटक. तक्रार: पाणी नाही, कुत्रा बांधलाय.

रिजेक्टरावांनी ती छापून कागद कार्यालयाच्या प्लंबरपुढे धरला. "घर क्रमांक नाही यात," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"निळं फाटक ना? माहीत आहे," प्लंबर म्हणाला. "कुत्रा बांधलाय हे बरं कळवलं. मागच्या वेळी तुमच्या अर्जात तो रकानाच नव्हता." आणि पान्हा घेऊन गेला.

बारा वाजता तक्रारी एकेचाळीस झाल्या होत्या. साहेबांनी पडद्यावर बोट ठेवून स्वतः मोजल्या आणि भांडाराचा विषय काढला नाही.

पुढच्या आठवड्यात रिजेक्टरावांनी निदान जोडणी क्रमांक तरी सक्तीचा करण्याची लेखी परवानगी मागितली. साहेबांनी ती लेखीच नाकारली. त्या पत्रावर जावक क्रमांक नव्हता. रिजेक्टरावांनी ते परत पाठवलं.