ठराव आणि हिरवा चुडा

"ग्रामसभा हा लोकशाहीचा पाया आहे," सरपंच माईकवर सांगत होते. समोर एकोणीस माणसं होती. हजेरीवर सह्या एकशे चार, कारण कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, शंभरचा होता. मी ग्रामसेवक. ठराव लिहिणं माझं काम.

ठराव असा होता: गुरुवारच्या बाजारात वेशीच्या आत फक्त मूळ रहिवाशांनी बसावं, बाकीच्यांनी ओढ्यापलीकडं. जातधर्माचा शब्द कुठंच नव्हता. पण ओढ्यापलीकडं जाणाऱ्यांची नावं वाचली, की ठराव कुणासाठी आहे ते कळायचं.

"हे बरोबर नाही," मी म्हणालो.

"तुम्ही लिहा हो, भाऊसाहेब."

मी लिहिलं.

शहनाजबी उमरग्याहून बांगड्या विकायला यायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली.

"साहेब, बावीस वर्सं लिंबाखाली बसते मी. ह्या गावच्या अर्ध्या पोरींना पहिली बांगडी म्या भरली. ओढ्यापल्याड कोण येतंय? मेंढरं?"

बाजारावरच तिचं घर चालायचं.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. कुणीच आलं नाही. ज्यांच्या जागा शाबूत होत्या ते भाजीवालेसुद्धा तिच्याबरोबर शेजारच्या गावात जाऊन बसले. यानं गाव वाकेल असं मला वाटलं नाही. लोक मोटारसायकलवर उमरग्याला गेले, भाजी आणली, वर चहा पिऊन आले. झळ बसली ती विकणाऱ्यांनाच. नव्या जागी शहनाजबीला गिऱ्हाईक नव्हतं.

पाचव्या आठवड्यात सरपंचांच्या मुलीचं लग्न दहा दिवसांवर आलं. नवरीला हिरवा चुडा भरतात. काचेच्या, घट्ट बांगड्या. हात दाबून, वळवून चढवाव्या लागतात. शहनाजबीला निरोप गेला. उलट निरोप आला: "आमी बाहेरचे. मांडव ओढ्यापल्याड घाला, येते."

सरपंचांनी दुकानातून चुडा आणला. घरच्या बायकांनी मापाला म्हणून एक हात भरून पाहिला. तीन फुटल्या. लग्नघरात 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. सरपंचांच्या आईंनी मात्र सरळ फुटली म्हटलं.

"लई शाना झालास व्हय रं? भर आता तुझा ठराव पोरीच्या हातात!"

सकाळी सरपंच माझ्या दारात.

"भाऊसाहेब, ते पान फाडता येईल?"

"पान फाडलं तर माझी नोकरी जाईल. रद्द करायला ग्रामसभाच लागते. सात दिवसांची नोटीस."

"मग आजच काढा."

त्या सभेला कोरम खरोखर भरला. लग्नघरातल्या बायका कामं टाकून आल्या होत्या.

"रद्द करण्याचं कारण काय लिहू?"

"लिहा, सामाजिक सलोखा."

सूचक सरपंच, अनुमोदक त्यांच्या आई. गुरुवारी शहनाजबी लिंबाखाली बसली. संध्याकाळी तिनं नवरीचे दोन्ही हात भरले. एकही बांगडी वाढली नाही.

बहिष्कारानं भेदभावाचे नियम मागे घेतले जातात का, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, जातात. फक्त नियम करणाऱ्याच्या घरात काहीतरी अडावं लागतं.

नवरीनं सहाव्या दिवशी चुडा उतरवला. पुण्याच्या ऑफिसात लॅपटॉपवर टाईप करताना मध्ये येत होता.