मालीशवालीचा गुडघा

गल्लीत कुणाचाही गुडघा धरला की मावशीला बोलावणं जायचं. दुखणं कुठलंही असो, आपल्या अंगठ्यापुढे ते टिकत नाही, हा तिचा ठाम समज. मग तिचाच गुडघा एका रात्रीत टम्म सुजला, लालबुंद झाला आणि अंगात हुडहुडी भरली.

"वात आहे. चोळ जोरात," ती सुनेला म्हणाली.

"मुळीच नाही! नुसता हात लावला तरी किंचाळताय. मुकाट्यानं दवाखान्यात चला."

डॉक्टरीणबाईंनी सुईनं सांध्यातलं पाणी काढलं. पाणी कसलं, गढूळ पूच होता.

"टाचेची भेग चिघळलीय ना, तिथून जंतू रक्तात शिरले आणि सांध्यात जाऊन बसले असणार. आजच सांधा धुऊ आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू करू. उशीर केलात तर सांधा कायमचा खराब होईल."

"मांडी घालता येईल ना? माझं कामच खाली बसून करायचं आहे."

"आज धुतला तर बहुतेक येईल."

मावशीनं लगेच संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

पुढच्या आठवड्यात व्यायाम शिकवणारी पोरगी आली आणि तिनं गुडघा वाकवला.

"अगं, व्यायाम देतेस की सूड घेतेस?" मावशी ओरडली.

"गल्लीतले सगळे तुम्हाला हेच म्हणतात," सून म्हणाली.

मावशीनं दात आवळले आणि गुडघा आणखी दोन बोटं वाकवला.