थांबत चालणारा पट्टा

बुधवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. फॉरफर गावाजवळच्या शेडमध्ये बटाटे निवडण्याच्या पट्ट्यावर इशबेल डुगिड कामाला लागली होती. पट्ट्यावरून दगड, कुजके आणि हिरवे पडलेले बटाटे उचलायचे, एवढंच काम. वय त्रेचाळीस, स्किझोफ्रेनिया बाविसाव्या वर्षापासून. बऱ्याच वर्षांनी नोकरी मिळाली होती आणि उमेदवारीची मुदत शुक्रवारी संपत होती.

चहाच्या सुट्टीआधी पट्ट्याच्या टोकाशी तिच्या नजरेतून सुटलेले नऊ हिरवे सापडले. मुकादम वॉटी पेट्रीने त्यातला एक तिच्या नाकासमोर धरला.

"काय गं, परत आवाज ऐकत बसलीस?"

"तुझाच. बाकीचे गोळीने बंद होतात."

समोर उभी असलेली जेसी खिदळली. वॉटी हसला नाही. "तुला ठेवायचं की नाही, शुक्रवारी ऑफिसात मला उत्तर द्यायचंय, बाई."

आदल्या दिवशी डंडीच्या इस्पितळात इशबेलच्या डोळ्यांची तपासणी झाली होती. पडद्यावर सावकाश सरकणाऱ्या ठिपक्यामागे नजर न्यायची होती. नर्सने आलेख दाखवला. ठिपक्याची रेघ सलग होती, इशबेलच्या नजरेची पायऱ्यापायऱ्यांची. नजर मागे पडते, मग उडी मारून ठिपका गाठते. या आजारात पुष्कळांचं असं होतं, असं नर्स म्हणाली. तोवर इशबेल स्वतःला धांदरट समजत आली होती.

"थांबलेला बटाटा मला नीट दिसतो," ती वॉटीला म्हणाली. "सरकणारा निसटतो. पट्टा थांबवत थांबवत चालव."

"आणि पोती कधी भरायची? ईस्टरला?"

"अर्धा तास दे. एक जरी सुटला तर शुक्रवारची वाट बघत नाही, आजच जाते."

वॉटीने ते नऊ हिरवे पट्ट्यावर यायच्या मालाच्या ढिगात परत मिसळले आणि बटणापाशी उभा राहिला. पट्टा हातभर पुढे जाई, क्षणभर थांबे. तेवढ्यात इशबेलचे दोन्ही हात चालत. अर्ध्या तासाने वॉटीने पट्ट्याच्या टोकाशी आलेला माल उलथापालथा करून पाहिला. एकही हिरवा नव्हता. मग तिची वेचलेल्या मालाची टोपली उपडी करून हिरवे मोजले.

"अकरा? मी नऊच टाकले होते."

"दोन शेतकऱ्याने टाकले असतील."

पोती नेहमीपेक्षा दोन कमी भरली, पण हिरवे काढायला एकही पोतं परत फोडावं लागलं नाही.

"राहू दे असंच," जेसी म्हणाली. "माझी आखडलेली मानही सुटली."

वॉटी ऑफिसात गेला आणि दहा मिनिटांनी परत आला. "शुक्रवारचं उत्तर आजच देऊन आलो. कायम केलंय तुला. आता नाचू नकोस."

इशबेल नाचली. गमबुटांत, बटाट्यांच्या मातीत, जेसीला दोन्ही हातांनी ओढून.

उद्या गुरुवार, लाल सालीचा माल. पट्टा सातला सुरू होतो. इशबेलची जागा डावीकडून पहिली.