भरपाईची पाटी

हसायचं तर खुशाल हसा, पण मधे अडवू नका. एकदा थांबलो तर लाजेनं पुढचं सांगवणार नाही!

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. शेवगावात स्टँडसमोर मी हॉटेल काढलं. हॉटेल माझं, नाव मात्र नगरच्या आप्पांचं. त्यांच्या मिसळीची ख्याती जिल्हाभर. ते नाव देणार, मसाला देणार; अट एकच.

"गिऱ्हाइकाला तुझ्याकडे भाजलं, लागलं, तर नाव माझं जाईल. आधी विमा उतरव!"

विमा एजंट जोशी आले. मी म्हटलं, "म्हणजे मला काही झालं तर ना?"

"तुम्हाला नव्हे हो! गिऱ्हाइकाला इजा झाली, तर भरपाई कंपनी देणार."

वा! अशी सोय अख्ख्या तालुक्यात कुणाकडे होती? मी तडक पेंटर गाठला. उद्घाटनाच्या दिवशी दारावर हातभर अक्षरं झळकली : 'येथे खाऊन काही झाल्यास भरपाई मिळेल.'

आता तुम्हीच सांगा, तुम्ही आत पाऊल टाकलं असतं?

लोक यायचे, वाचायचे, उलटपावली जायचे. पाथर्डीचा एक शेतकरी दारातच थबकला. "मालक, काय हुतं हितं खाऊन?"

"अजून कुनाला काई झालं न्हाई! पन झालंच, तर समदी सोय हाय!"

"मंग आदी दुसऱ्या कुनावर करून बघा," म्हणत तो समोरच्या टपरीत शिरला.

दुपारपर्यंत एकही बशी विसळावी लागली नाही. शेवटी शेजारचे कापडवाले करीमचाचा आले. माझ्या वडिलांचे जुने दोस्त. म्हणाले, "पाटी वाचली मी. तरी बी तुझ्याच हातचा चहा पिनार."

मला भरूनच आलं! लगबगीनं स्वतः कप घेऊन गेलो, बाकड्याला पाय अडखळला आणि उकळता चहा थेट चाचांच्या हातावर!

चाचा कळवळले. आणि मी काय केलं? मी ओरडलो, "चाचा, घाबरू नका, विमा हाय!" अन् गल्ल्याकडे धावलो, फॉर्म काढायला.

"अरे, पानी दे पानी!"

"देतो, देतो! कोनता हात, डावा का उजवा? लिवावं लागतंय!"

चाचा उठले, माठापाशी गेले आणि आपल्याच हातानं भाजल्या हातावर पाणी ओतत राहिले. ते बघितलं आणि माझ्या हातातला फॉर्म गळून पडला.

नेमके तेव्हाच उद्घाटनाला आप्पा आणि जोशी दारात हजर! आप्पांनी वर पाहिलं, स्टूल मागवलं आणि स्वतः चढून पाटी उतरवली.

जोशींनी खाली पडलेला फॉर्म उचलला. "काय झालं, चाचा?"

"काई न्हाई. माझाच धक्का लागला. पोराची काय बी चूक न्हाई."

जमीन दुभंगली असती तर बरं, असं झालं मला! मी मान वर करेना. जोशी एकेक रकाना भरत पुढच्यावर आले आणि मोठ्यानं वाचलं, "अपघातानंतर मालकाने तातडीने काय केले?"

सगळे माझ्याकडे बघताहेत. चाचासुद्धा, ओला हात फडक्यात गुंडाळून.

मी पुटपुटलो, "फॉर्म शोधला, साहेब."