उजव्या कडेची माणसं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण परवापासून माझं डोकं असं भडकलंय की समोर येईल त्याच्यावर ओरडतोय. काल चहा गार आला म्हणून ओरडलो. चहाचा काय दोष?

आधी मी कोण ते ऐका. नांदेडात माझा स्टुडिओ आहे, लग्नाची कामं करतो. पण नांदेड-लातूरकडचे फोटोग्राफर मला ओळखतात ते वेगळ्याच कारणानं. नवा कॅमेरा, लेन्स, फ्लॅश, अगदी गळ्यातला पट्टासुद्धा — घेण्याआधी लोक मला विचारतात. मी वस्तू आठवडाभर वापरतो आणि मग व्हिडिओ टाकतो. पकड कशी आहे, वजन मनगटावर येतं की खांद्यावर, धुळीत बटणं अडकतात का, मे महिन्यात पत्र्याच्या मंडपात चार तास चालवला तर कॅमेरा तापतो का. नुसतं कंपनीचं माहितीपत्रक वाचून दाखवणाऱ्यांची मला चीड आहे. हातात घेतल्याशिवाय मी बोलत नाही — हे माझं वाक्य लोकांना पाठ आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद पेटला की शेवटी कुणीतरी लिहितंच, दादाला विचारा. दादा म्हणजे मी.

लेन्स तपासायची माझी रीत साधी आहे. पेपरातलं बाजारभावाचं पान भिंतीला चिकटवायचं आणि फोटो काढायचा. तूर, हरभरा, सोयाबीन — बारीक आकडे. चारही कोपऱ्यांतले वाचता आले की लेन्स पास.

आता मिलिंद. हदगावचा. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. त्याचे वडील पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अर्ध्या हदगावची नावं त्या माणसाच्या ब्रशातून उतरलेली. म्हातारपणी त्यांचा हात कापायला लागला. अक्षराची दांडी सरळ येईना, मग ब्रश सुटला, मग कप बशीवर वाजायला लागला. हे मिलिंदनंच मला एकदा एसटीत सांगितलं होतं. हसत सांगितलं होतं, पण सांगताना स्वतःचा उजवा हात पुढं धरून बघत होता. मी ते विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

सात वर्षांपूर्वी त्यानं चोवीस-सत्तरची झूम लेन्स घेतली. लग्नात सगळं सांभाळणारी ती एकच लेन्स — मंडपाचा देखावा तिनंच, नवरीचा चेहरा तिनंच, ग्रुप फोटोही तिनंच. वजनाला चांगली किलोभर. डबा न फोडता तो हदगावहून थेट माझ्याकडं आला. “दादा, आधी तुमीच वापरा. तुमचा हात लागला की मला भरवसा.” डबा मी फोडला. त्याची नवी लेन्स, आणि डबा मी फोडला!

लेन्स झकास होती. बाजारभावाचं पान कडेपर्यंत स्वच्छ. आठवडाभरानं व्हिडिओसाठी विष्णुपुरीला गेलो, मागं धरणाचं पाणी यावं म्हणून. मोबाइल समोर लावला आणि बोलता बोलता एका हातानं लेन्स बदलून दाखवायला गेलो. काय गरज होती? काही नाही. शायनिंग! दुसरा शब्दच नाही त्याला. लेन्स निसटली आणि काँक्रीटवर आपटली.

वरून काही दिसत नव्हतं. लेन्सच्या तोंडावर बसवलेली जपणुकीची काच, म्हणजे फिल्टर, तेवढा तडकला होता. घरी येऊन पान लावलं, फोटो काढला, मोठा करून पाहिला. डावीकडची तूर स्वच्छ. मधला हरभरा स्वच्छ. उजवीकडच्या सोयाबीनचा भाव — नुसता काळा धब्बा. आतली काच जागची हलली होती.

फोन उचलून सांगायला किती वेळ लागला असता? “मिलिंद, पडली रे माझ्या हातून. दुरुस्त करून देतो.” पण मग व्हिडिओचं काय? दादाच्या हातून लेन्स पडते, हे ग्रुपवर गेलं तर? मी तडकलेला फिल्टर फेकला, नवा आणून बसवला, लेन्स पुसली आणि मिलिंदच्या हातात ठेवली. वर म्हणालो, फिल्टर माझ्याकडून भेट. तो पाया पडायला वाकला. मी वाकू दिलं. आणि व्हिडिओत काय बोललो माहीत आहे? कडेपर्यंत धार आहे म्हणालो. पडण्याआधीचे फोटो दाखवले.

दोन महिन्यांनी त्याला उदगीरच्या एका व्यापाऱ्याकडचं लग्न मिळालं. त्याचं आजवरचं सगळ्यात मोठं काम. स्टेजवर ग्रुप फोटो — डावीकडं मुलीकडचे, उजवीकडं मुलाकडचे. अल्बम गेला आणि मुलाकडचे खवळले. नवऱ्याचा मामा, आत्या, थोरले काका, सगळ्यांचे चेहरे पुसट, आणि मुलीकडचे लखलखीत. आमची माणसं मुद्दाम खराब काढली म्हणाले. काम देताना त्याला कुणी आडनाव विचारलं नव्हतं. आता विचारलं. विचारून एकमेकांकडं पाहिलं. पुढं काय काय बोलले, ते त्यानं मला कधी नीट सांगितलं नाही.

ते ऐकून मला इतका संताप आला — त्या लोकांचा! ग्रुपवर मी त्यांच्या नावानं खडे फोडले. चांगला परिच्छेदभर. लोकांनी अंगठे दाखवले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मग तो लेन्स घेऊन माझ्याकडं आला. माझ्या भिंतीपुढं आम्ही दोघं उभे राहिलो. फोटो त्यानंच काढला. सोयाबीनचा धब्बा स्क्रीनवर होता, त्याच्याही समोर, माझ्याही. त्यानं स्क्रीनकडं पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडं पाहिलं.

“दादा, माझा हात हालून राहिला का ओ?”

तुम्हाला एक सांगतो, हे पोरासोरालाही कळेल. हात हलला तर अख्खा फोटो हलतो. एकच कड हलत नाही. हे मला कळत होतं. आणि तो असा प्रश्न विचारतोय तो वडिलांमुळं, हेही कळत होतं. त्या भीतीचा दरवाजा कुठं आहे ते मला ठाऊक होतं, आणि मी तिथूनच आत शिरलो. म्हणालो, “लेन्स ठीक आहे. हात बघ जरा.”

त्यानं मान डोलावली. एवढंच.

पुढं तो विचारत गेला आणि मी उत्तरं पुरवत गेलो. जुन्या लेन्सनं फोटो नीट येतात, असं का? ती हलकी आहे रे, जड लेन्सवरच हाताचा दोष दिसतो. ट्रायपॉड घेतला तरी कड खराब येते, असं का? बटण दाबताना हात लागतोच की. लग्नात ट्रायपॉड घेऊन फिरणारा मिलिंद — लोक हसायचे. तो लातूरला मोठ्या डॉक्टरकडंही जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही. तर हा मला म्हणतो, “डॉक्टरला लेन्समधलं काय कळतंय, दादा?”

कसा राग येऊ नये अशा माणसाचा? हो, मला त्याचाच राग यायचा! एकदा तरी माझ्यावर संशय घे की. एकदा तरी लेन्स दुसऱ्या कुणाला दाखव. ग्रुपवर टाक, शिव्या दे मला. पण नाही. दादा बोलले म्हणजे बोलले. वर्षानुवर्षं मी त्याच्यावर फोनवर खेकसत आलो, आणि तो समजायचा, आपल्या काळजीपोटी दादा चिडतात.

दोन वर्षांत त्यानं लग्नं सोडली. आता तो कॉम्प्युटरवर बसून दुसऱ्यांचे अल्बम लावतो. माझेही लावतो. हातात माउस, आणि तो हात इतका स्थिर की चेहऱ्यावरचा एक केस बरोबर कापून काढतो. मी शेजारी बसून ते बघतो.

परवा त्याच्या मुलीचं लग्न झालं. नांदेडलाच, सकाळी, बौद्ध पद्धतीनं. फोटो दादाच काढणार, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. वंदना सुरू व्हायच्या आधी तो माझ्याजवळ आला. हातात ती लेन्स. लग्नं सोडल्यापासून कापडात गुंडाळून ठेवलेली. मी दिलेला फिल्टर तसाच. “दादा, पोरीचे फोटो ह्याच्यानं काढा. माझ्या हातानं तर न्हाई जमलं, माझ्या लेन्सनं तरी होऊ द्या.”

त्या क्षणी सांगता आलं असतं. माणसं पांढऱ्या कपड्यांत बसत होती, मुलगी समोरच होती, आणि बाप दहा पावलांवर रिकाम्या हातानं उभा होता. तिचा फोटो काढायला हक्काचा हात कुणाचा होता, सांगा ना?

मी सांगितलं नाही. त्याची पाहून तसलीच लेन्स मीही नंतर घेतली होती, ती बॅगेत होती. बॅगा ठेवलेल्या खोलीत गेलो आणि बदलली. त्याचा फिल्टर काढून माझ्या लेन्सवर चढवला, ओळखू येऊ नये म्हणून. सात वर्षांपूर्वी घाबरून केलं होतं म्हणा हवं तर. परवा घाबरलो नव्हतो. हात एकदम स्थिर होता.

ग्रुप फोटो झाल्यावर मिलिंद धावत आला. कॅमेऱ्याची स्क्रीन मोठी करत करत उजव्या कडेला गेला. तिथं त्याची म्हातारी आत्या उभी होती. तिच्या चष्म्याच्या काड्यासुद्धा स्वच्छ. तो बराच वेळ बघत राहिला, मग हसला.

“कडेपर्यंत साफ हाय, दादा. म्हंजे लेन्स चांगलीच व्हती. माझाच हात गेला व्हता.”

मी “हाव” म्हणालो. मग खोलीत जाऊन त्याची लेन्स कापडानं पुसली, फिल्टर परत बसवला आणि त्याच्या हातात दिली.