पहिला अर्धा थेटबाईचा

तुमचा ज्या प्रार्थनेवर विश्वास नाही, ती तुम्ही कोणासाठी म्हणाल का?

हो म्हणायची घाई करू नका. ज्यांना कशाचंच काही वाटत नाही ते पटकन हो म्हणतात आणि वर स्वतःलाच मोठ्या मनाचे समजतात. मी विचारतेय ज्यांना आपल्या शब्दाची चाड आहे त्यांना. एकदा तोंडातून गेलेलं वाक्य देवाने ऐकलं, असं खरंच मानणाऱ्यांना.

आमच्या थेटबाईला हा प्रश्न पडला तेव्हा ती एका पलंगाशेजारी लोखंडी स्टुलावर बसली होती.

थेटबाई हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. लाँड्री तळघरात. वरच्या मजल्यांवरच्या चादरी, गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे लोखंडी गाड्यांतून खाली येतात. धुऊन पिळून झालेली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, झटकायची आणि गरम रोलरच्या तोंडाशी लावायची. रोलर ती ओढून घेतो आणि पलीकडे कडक करून सोडतो. ऐकायला सोपं आहे. एक दिवस उभं राहून बघा.

तिला हे नाव पंख्यामुळे पडलं. तळघरातला वाफ ओढणारा पंखा बंद पडला होता आणि बायकांचं ठरत होतं की हेडक्लार्कच्या मेहुणीला गाठू, ती क्लार्कला सांगेल, क्लार्क मग मोठ्या साहेबांचा मूड बघून शब्द टाकेल. थेटबाईने ओला एप्रन तसाच अंगावर ठेवला, जिना चढली आणि मोठ्या साहेबांच्या गालिच्यावर पाणी ठिबकवत म्हणाली की खाली या आणि आमच्यासोबत जरा उभे राहा. साहेब काही आले नाहीत, पण पंखा आला.

ही खोड तिला लहानपणापासूनची. आई तिला जन्म देतानाच गेली. बाप नळदुरुस्ती करायचा, कमी बोलायचा. त्याला काही सांगायचं तर त्यालाच सांगावं लागायचं, मधे घालायला घरात दुसरं माणूसच नव्हतं. बाप प्रोटेस्टंट, कट्टर. देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ, येशू ख्रिस्त, तिसऱ्या कोणाची गरज नाही, हे तिने अक्षरओळखीच्या आधी पाठ केलेलं. पुढे ती स्वतःच चर्चमध्ये रविवारी मुलांना बायबल शिकवायला लागली. तो वर्ग म्हणजे तिचा जीव. स्वतःला मूल नाही, नवरा शांत गडी, त्यामुळे आठवडाभर चादरी ओढायच्या त्या रविवारच्या एका तासासाठी.

आणि चादरीच्या दुसऱ्या टोकाला कोण, तर माळवाली. एप्रनच्या खिशात कायम जपमाळ असते म्हणून माळवाली. पक्की कॅथलिक. मारिया मातेला सांगितल्याशिवाय छत्रीसुद्धा घेणार नाही. या दोघी वर्षानुवर्षं एकाच रोलरवर, आणि जेवणाच्या सुट्टीत रोज तेच भांडण.

थेटबाई म्हणायची की दार उघडं असताना खिडकीतून हाका कशाला मारतेस? माळवालीचं म्हणणं, आमच्या घरी बाबांपुढे उभं राहायची कोणाची छाती नव्हती. आईच्या कानात सांगायचं, आई योग्य वेळ बघून बाबांना सांगायची, काम व्हायचं.

"मग तुझा देव तुझ्या बाबांसारखा खडूस आहे असं सरळ म्हण ना."

"आणि तुझ्या देवाला चांगली आई आहे, पण तू तिला घरात घेत नाहीस."

बायका हसायच्या. यावर थेटबाईचं ठरलेलं उत्तर होतं: मारियेला मी मान देते, तिच्याइतकी धन्य बाई झाली नाही, पण प्रार्थना तिला करणार नाही. माळवाली म्हणायची, मी तरी कुठे तिची पूजा करते? आमच्यासाठी विनंती कर, एवढंच म्हणते. तुझा नवरा आजारी होता तेव्हा तू मला म्हणालीसच की, माझ्यासाठी प्रार्थना कर.

"तू समोर आहेस. जिवंत आहेस."

"तीही जिवंत आहे."

इथे भोंगा व्हायचा आणि दोघी डबे झाकून पुन्हा चादरीच्या दोन टोकांना.

मग तो अपघात झाला. हात आत जायला लागला की मशीन बंद पडावं म्हणून रोलरपुढे एक दांडी असते. ती सारखी अडकून काम थांबतं, म्हणून वरच्या हुकुमाने ती तारेने बांधून ठेवली होती. हुकूम कोणाचा, ते आता कोणालाच आठवत नाही. अशा वेळी साहेब लोकांची स्मरणशक्ती कशी जाते ते मी पुष्कळ पाहिलंय. ते भांडण आमची युनियन लढतेय, लढणार आहे, त्यावर मी वेगळं लिहीन. इथे एवढंच, की एका चादरीच्या टोकाला गाठ राहिली होती, ती माळवालीच्या बोटांत अडकली, चादरीबरोबर हातही आत ओढले गेले आणि थेटबाईने मेन स्विच ओढेपर्यंत तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले होते.

जळीत वॉर्ड त्याच इमारतीत, वर. माळवालीचे हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये, उशांवर ठेवलेले. नवरा नाही. मुलगी दुसऱ्या गावी, अंगावर पिणारं बाळ, सुट्टीच्या दिवशी धावतपळत येते. चर्चमधल्या बायका सुरुवातीला आल्या, मग ज्याला त्याला आपापले संसार. थेटबाईची सकाळपाळी दुपारी सुटायची. सुटली की ती जिना चढून वर. दुपारीच ड्रेसिंग व्हायचं. जुनं बँडेज सोडताना काय होतं ते मी लिहीत नाही. ट्रॉलीची चाकं वाजली की माळवालीचा चेहरा पांढरा पडायचा.

अशाच एका दुपारी ती म्हणाली, "माझ्या पिशवीतून माळ काढ. आणि सुरू कर."

"मी?"

"मी सुरू करते आणि मधेच हरवते. गोळ्यांनी डोक्याचा कापूस झालाय. कोणी पहिलं वाक्य म्हटलं की मला पुढचं येतं."

थेटबाईने माळ काढली खरी, पण हातात धरून बसून राहिली. मग आपलं बायबल उघडून एक स्तोत्र वाचलं. माळवालीने डोळे मिटून ऐकलं, छान आहे म्हणाली. ट्रॉली आली, ड्रेसिंग झालं, ती ओरडली. शांत झाल्यावर तिने सांगितलं की स्तोत्र तू वाचतेस आणि मी ऐकते, मला ऐकायचं नाहीये, म्हणायचंय.

त्या संध्याकाळी थेटबाईने बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढला. तिला तो पाठ होता, तरी बोट ठेवून वाचला. देवदूत मरीयेला, म्हणजे मारियेलाच, काय म्हणतो. तिची नातलग अलीशिबा तिला काय म्हणते. स्त्रियांमध्ये तू धन्य, तुझ्या पोटचं फळ धन्य. माळेच्या मण्यामण्याला कॅथलिक जी प्रार्थना म्हणतात तिचा पहिला अर्धा भाग तिच्या स्वतःच्या पुस्तकात होता, जवळपास शब्दाला शब्द. दुसरा अर्धा, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, तो नव्हता. नवऱ्याला तिने हे दाखवलं. तो म्हणाला, तुझं ठरलंय, मला कशाला विचारतेस?

दुसऱ्या दिवशी तिने स्टूल ओढून अटी घातल्या. युनियनच्या टेबलावरही ती अशीच बोलते. "पहिला अर्धा माझ्या बायबलात आहे. तो मी म्हणेन, येशूच्या नावापर्यंत. तिथे थांबणार. पुढचा अर्धा तुझा, त्याला मी हात लावणार नाही. आणि मी 'कृपापूर्णे' म्हणणार नाही. आमच्यात 'कृपा पावलेल्या स्त्रिये' आहे, तेच म्हणेन."

"म्हण बाई. मारियेला कळेल."

"तिला नाही म्हणणार मी. तुला म्हणणार आहे."

माळवाली इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. तिने सांगितलं की आमच्याकडे चारचौघांत माळ अशीच म्हणतात, एक जण पहिला अर्धा म्हणतो आणि बाकीचे दुसरा, तू काही नवीन शोध लावलेला नाहीस.

मग ते रोज सुरू झालं. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' दोघी मिळून म्हणायच्या, त्यात भांडायला काही नव्हतं. पुढे एकेक मणी थेटबाई सरकवायची आणि आपलं अर्धं म्हणून थांबायची. माळवाली पुरं करायची. आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, असं त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. तिला त्यातलं फक्त 'आता' हवं होतं. परिचारिका कात्रीने पट्टी कापत असायची आणि ती 'आता'वर इतका जोर द्यायची की शेजारच्या पलंगावरची आजी दचकायची.

बातमी पोचायची तिथे पोचली. थेटबाईच्या चर्चमधल्या कोणाचा तरी नातलग त्याच वॉर्डात होता. वर्गातल्या दोन मुलांच्या आईबापांनी विचारलं की आमच्या पोरांना बायबल शिकवणारी बाई हातात माळ धरून मारियेचा जप करते, हे काय आहे? चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळाने तिला बोलावलं.

मंडळाचे प्रमुख घड्याळकाका, घड्याळं दुरुस्त करणारे. थेटबाईला बायबल वाचायला यांनीच शिकवलं होतं. चर्चच्या मागच्या खोलीत मुलांच्या बुटक्या बाकांवर मंडळी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. तिने लूक उघडून वाचायला घेतलं तर काकांनी हात वर केला. ते म्हणाले, वचन आम्हालाही येतं, शब्दांवर कोणाचा आक्षेप नाही. पण तेच वाक्य मण्यामागून मणी, पुन्हा पुन्हा, आणि पुढे त्याला विनंती जोडली जाणार हे माहीत असताना? तू दार उघडून देतेस, आत कोण जातं ते माझं काम नाही म्हणतेस. त्यांनी सुचवलं की तू तिच्यासोबत बस, तिचा हात... पुढे त्यांना काही सुचेना, कारण हातच धरता येत नव्हते. मग म्हणाले, स्तोत्रं वाच.

तिने सांगितलं की वाचली, उपयोग झाला नाही. आडून आडून बोलणं तिला कधी जमलंच नाही.

"तुम्ही म्हणता ते बरोबर असेल, काका. पण मी तिला सांगून बसलेय की मी येईन."

काकांनी चष्मा पुसून परत चढवला. माणूस दुष्ट नाही, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मला त्यांचा राग आला होता आणि अजून आहे. त्यांनी सांगितलं की मुलांसमोर दोन गोष्टी ठेवता येणार नाहीत. माळ किंवा वर्ग.

थेटबाईने पर्समधून वर्गाच्या कपाटाची किल्ली काढून बाकावर ठेवली. आत मुलांची चित्रं होती, तिने जपून ठेवलेली. "चित्रं फेकू नका," एवढं ती म्हणाली. "आणि मी रविवारी येणार. पुढच्या बाकावर बसणार. त्याला परवानगी लागत नसेल." त्या रविवारी ती पुढच्याच बाकावर होती. मागच्या खोलीतून मुलांचा आवाज येत होता आणि ती मान न वळवता समोर बघत होती.

माळवालीला तिने यातलं काही सांगितलं नाही. पण तिकडे वेगळंच पुढे आलं. डाव्या हातात पू झाला, ताप चढला, डॉक्टर बोटांबद्दल हळू आवाजात बोलायला लागले. त्या दुपारी ट्रॉली आली, थेटबाईने आपलं अर्धं म्हटलं आणि थांबली. पलीकडून काहीच नाही.

"आज दोन्ही तूच म्हण," माळवाली पुटपुटली. "माझ्यात जोर नाही."

सांगा, कोणाला कळलं असतं? परिचारिका पट्टी सोडण्यात गुंतलेली, शेजारची आजी झोपलेली. वर्ग तर गेलाच होता, वाचवायला काही उरलं नव्हतं. चार शब्द टाकले असते तर काय बिघडलं असतं, असं मीही तिला नंतर विचारलं. ती माझ्यावर चिडली. म्हणाली, मग मी खाली उतरून काकांना काय तोंड दाखवू? आणि तिला तरी खोटं का देऊ? मी म्हटलेलं ते खोटं झालं असतं. तिचं खरं आहे.

तेव्हा मात्र ती एवढंच म्हणाली, "तुझं आहे ते तूच म्हण. मी थांबते."

आणि थांबली. मणी चिमटीत धरून. परिचारिकेने वर बघितलं. माळवालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात नव्हते, थेटबाईने तिच्याच गाऊनच्या बाहीने पुसलं आणि पुन्हा मणी धरला. माळवाली तिला दगड म्हणाली. मेली, हट्टी म्हणाली. मग दातओठ खात, शिवी द्यावी तशी, "पवित्र मारिये" सुरू केलं आणि "आता"पर्यंत पोचली तेव्हा शेजारची आजी उठून बसली होती.

थेटबाईने पुढचा मणी घेतला.

ताप उतरलाय. डाव्या हाताची दोन बोटं गेली, बाकीची राहतील असं डॉक्टर म्हणतात. ड्रेसिंग अजून पुष्कळ दिवस चालणार. आणि बांधलेल्या दांडीबद्दल चौकशीत खरं सांगितल्यामुळे थेटबाईची पाळी बदलली आहे. आता नेमक्या ड्रेसिंगच्या वेळी ती तळघरात रोलरवर असते. पाळी परत मिळवून देणं युनियनमध्ये माझं काम आहे, ते मी करते.

तोवर दुपारी ते स्टूल रिकामं आहे. तुम्ही कॅथलिक असा, प्रोटेस्टंट असा, कोणीच नसा, जळीत वॉर्डात या. माळ पलंगाजवळच्या कपाटात आहे. तुम्हाला जेवढं खरेपणाने म्हणता येतं तेवढंच म्हणा, आणि मग मणी हातात धरून माळवाली बोलेपर्यंत थांबा.